एकाच घरातली भावंडं इतकी वेगळी कशी, आणि सारखी कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसरं मूल दोन-तीन वर्षांचं झालं की बहुतेक आई-बाबांच्या तोंडी एक वाक्य येतं: "दोघांना अगदी सारखं वाढवलं, पण ही त्याच्या वळणावर अजिबात गेली नाही." मी तीन भावंडांतली मधली आणि आता दोन मुलांची आई. हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी पडला, म्हणून गेली बरीच वर्षं या विषयावर मिळेल ते वाचत आले आहे. लोक मला जे विचारतात आणि मी स्वतःला जे विचारत आले, ते इथे मांडते आहे.

सख्खी भावंडं नेमकी किती सारखी असतात?

"निम्मी" हे उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते सरासरीचं आहे. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या, म्हणजे जनुकं वाहून नेणाऱ्या धाग्यांच्या, २३ जोड्या असतात. आई प्रत्येक जोडीतून एकेकच मुलाला देते, वडीलही तसंच. जोडीतलं कुठलं जाईल, हे ठरलेलं नसतं. नुसती ही निवड मोजली तरी एका पालकाकडून ८३ लाख ८८ हजार ६०८ वेगवेगळे संच तयार होऊ शकतात. शिवाय मुलाकडे जाण्याआधी जोडीतली दोन गुणसूत्रं आपापसात तुकड्यांची अदलाबदल करतात, त्यामुळे खरा आकडा याहून कितीतरी मोठा असतो.

२००६ साली भावंडांच्या ४,४०१ जोड्यांची प्रत्यक्ष मोजणी प्रसिद्ध झाली. सरासरी ५० टक्क्यांच्या आसपासच आली, पण एखाद्या जोडीत वाटा जेमतेम ३७ टक्के होता, तर एखाद्या जोडीत जवळपास ६२. म्हणजे तीन भावंडांत दोघं एकमेकांच्या जास्त जवळची आणि तिसरं थोडं लांबचं असणं हे रक्तातही असू शकतं. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ दादा आणि छोटीचाच, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, विचार करत बसले होते.

एक खुलासा करायला हवा. इथे "सारखं" म्हणजे आई-वडिलांकडून आलेला तोच तुकडा दोघांना मिळणं. एरवी जगातल्या कुठल्याही दोन माणसांची जनुकं जवळजवळ सगळी सारखीच असतात.

नाक आईचं आणि स्वभाव वडिलांचा, असं खरंच येतं का?

नाकापुरतं एखादवेळेस तसं दिसतं. स्वभाव मात्र असा अखंड उचलून येत नाही. त्यामागे हजारो जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो आणि प्रत्येक मुलासाठी तो डाव नव्याने पिसला जातो. रक्तगटाचं सोपं उदाहरण घ्या. आईचा गट ए आणि वडिलांचा बी असेल, आणि दोघांकडे ओ गटाची एकेक प्रत दडलेली असेल, तर त्यांच्या चार मुलांचे चार वेगळे गट निघू शकतात: ए, बी, एबी आणि ओ. शांत आई-बाबांच्या पोटी तापट मूल जन्मलं की "हे कुणावर गेलंय?" असं विचारलं जातं. बऱ्याचदा ते दोघांवरही गेलेलं असतं, फक्त अशी जुळणी आधी कुणात झालेली नसते.

वाढवलं सारखंच, मग स्वभाव वेगळे का?

या विषयाचं मर्म इथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

१९८७ साली रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स या मानसशास्त्रज्ञांनी एक लेख लिहिला. त्याचं नावच साधारण असं होतं: एकाच कुटुंबातली मुलं एकमेकांपेक्षा इतकी वेगळी का असतात? तोवर जुळ्यांवर आणि दत्तक मुलांवर बरंच काम झालं होतं आणि त्यातून एक विचित्र गोष्ट पुढे येत होती. सारखेपणा ० ते १ या मापावर मांडला, तर सख्ख्या भावंडांची उंची साधारण ०.५ पर्यंत जुळते. स्वभाव मात्र ०.१५ ते ०.२० च्या आसपासच जुळतो, म्हणजे दोन अनोळखी माणसांपेक्षा थोडासाच जास्त. एकाच घरात वाढलेल्या पण रक्ताचं नातं नसलेल्या दत्तक भावंडांत स्वभावाचा मेळ जवळजवळ शून्यावर येतो.

याचा अर्थ लोक पटकन असा लावतात की घराचा परिणामच होत नाही. तसा तो नाही. एका छपराखाली राहिल्यामुळे माणसं एकमेकांसारखी होत नाहीत, एवढंच यातून निघतं. घर प्रत्येकावर काम करतंच, पण प्रत्येकावर वेगळं काम करतं. ज्या बोलण्याने एकाला हुरूप येतो, त्यानेच दुसरा मिटून जातो.

एकच घर प्रत्येकाला वेगळं कसं असेल?

आमच्याच घराचं सांगते. मी नऊ वर्षांची असताना बाबांची नोकरी गेली आणि पुढची मिळायला वर्षभर लागलं. दादा पंधराचा होता, छोटी तीनची.

मला त्या वर्षाचा आवाज आठवतो. संध्याकाळी बाबा बाहेरून आले की दाराशी चपला काढायचे. चपला हळू ठेवल्या तर काहीतरी बरं घडलेलं असायचं, टाकल्या तर नाही. मी वही उघडी ठेवून त्या आवाजाकडे कान लावून बसायची. समोरच्याचा मूड त्याच्या हालचालींवरून ओळखायची माझी सवय तिथली आहे, ती अजून सुटलेली नाही. दादाने त्या वर्षी खेळाचा सराव सोडला आणि लहान मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागला. रात्री तो आम्हा दोघींना गच्चीवर न्यायचा आणि तारे दाखवायचा. आणि छोटीला विचारलं तर ती सांगते की ते तिचं सगळ्यात छान वर्ष होतं. बाबा दिवसभर घरी असायचे, तिला मांडीवर घेऊन पेपरातल्या मोठ्या मथळ्यांवर बोट ठेवून अक्षरं वाचायला शिकवायचे.

एकच वर्ष, एकच घर, तेच आई-बाबा. आम्हा तिघांना कुणी त्या वर्षाबद्दल वेगवेगळं विचारलं, तर तीन घरांची वर्णनं मिळतील आणि तिन्ही खरी असतील.

मोठा धक्काच बसायला हवा असंही नाही. पहिल्या मुलाच्या वेळी आई-बाबा नवखे असतात, तिसऱ्याच्या वेळी सरावलेले आणि थकलेले. पहिल्याला काही काळ भावंडंच नसतात, शेवटच्याला भावंडांशिवायचं घर माहीतच नसतं. वर्गशिक्षक वेगळे, मित्र वेगळे, आजारपणं वेगळी. यातलं नेमकं काय स्वभाव घडवतं, हे सुटं करून दाखवायचा संशोधकांनी पुष्कळ प्रयत्न केला, पण मोजता येतील अशा एकेकट्या कारणांचा वाटा फार लहान निघतो. फरकाचा मोठा भाग बारीकसारीक आणि योगायोगाच्या गोष्टींत विखुरलेला असावा, असं माझं मत झालं आहे.

थोरलं जबाबदार, मधलं समजूतदार, शेंडेफळ लाडावलेलं. यात तथ्य किती?

लोकांना वाटतं त्यापेक्षा खूपच कमी. मी मधली असल्याने "मधली ना, म्हणून समजूतदार" हे आयुष्यभर ऐकलं आहे, आणि कितीदा तरी स्वतःचं म्हणणं गिळून ते खरं करून दाखवलं आहे. म्हणून यावर मला जरा आग्रहाने बोलायचं आहे.

कल्पना जुनी आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७४ मध्ये इंग्लंडमधल्या नामांकित वैज्ञानिकांत थोरले मुलगे जास्त असल्याचं लिहिलं. पुढे मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड आडलर यांनी जन्मक्रमाला स्वभावाशी जोडलं आणि ती समजूत घराघरांत गेली. २०१५ मध्ये दोन मोठे अभ्यास आले. एकात अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २० हजारांहून अधिक लोकांची माहिती होती, दुसऱ्यात अमेरिकेतल्या सुमारे ३ लाख ७७ हजार शाळकरी मुलांची. बोलकेपणा, मनाची स्थिरता, मिळतंजुळतं घेणं, काटेकोरपणा यांचा जन्मक्रमाशी संबंध जवळजवळ नाही, असंच दोन्हींत दिसलं.

बुद्ध्यांकात मात्र बारीकसा फरक सापडतो. नॉर्वेत सैन्यभरतीच्या वेळी घेतलेल्या चाचण्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २ लाख ४० हजार तरुण होते आणि थोरल्यांचा बुद्ध्यांक दुसऱ्या क्रमांकाच्या मुलांपेक्षा सरासरी २.३ गुणांनी जास्त निघाला. त्यातली मला सर्वात महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी: ज्यांचं थोरलं भावंड लहानपणीच वारलं आणि जे घरात थोरले म्हणून वाढले, त्यांचे गुण थोरल्यांसारखेच होते. म्हणजे फरक गर्भातला नव्हता, घरातल्या जागेचा होता. आणि तरीही तो सरासरीचा फरक आहे, तुमच्या दोन मुलांबद्दल त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

मग आपल्याला थोरली मुलं जबाबदार का दिसतात? कारण ती कायम मोठी असतात. दहा वर्षांचं मूल सहा वर्षांच्या मुलापेक्षा जबाबदार असणारच. आपण तुलना वयांची करतो आणि शिक्का क्रमाला लावतो.

हुबेहूब दिसणारी जुळी तरी सारखी असतात ना?

इतर भावंडांपेक्षा पुष्कळच जास्त, पण पूर्ण नाही. त्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा वेगळे असतात, कारण गर्भातली जागा, दाब, वाढीचा वेग यांत फरक पडतो. २०१३ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी जनुकीयदृष्ट्या एकसारखे ४० उंदीर एकाच मोठ्या, अनेक मजली पिंजऱ्यात ठेवले आणि तीन महिने त्यांच्या हालचाली टिपल्या. सुरुवातीला फरक किरकोळ होते. हळूहळू काही उंदीर सगळा पिंजरा पालथा घालू लागले, काही ठरावीक कोपऱ्यातच राहिले. जास्त हिंडणाऱ्यांच्या मेंदूत स्मरणाशी निगडित भागात नव्या पेशीही जास्त तयार झाल्या होत्या. जनुकं तीच, पिंजरा तोच, तरी प्रत्येकाची वाट वेगळी. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण यात दोष द्यायला आई-बाबाच नाहीत.

"स्वभाव ४९ टक्के आनुवंशिक" असं वाचलं. म्हणजे माझा अर्धा स्वभाव जनुकांचा?

नाही. हा आकडा २०१५ च्या एका संकलनातला आहे. त्यात ५० वर्षांतले जुळ्यांवरचे २,७४८ शोधनिबंध आणि १७,८०४ गुणधर्म एकत्र घेतले होते. सगळ्या गुणधर्मांची मिळून सरासरी ४९ टक्के आली. हा आकडा माणसामाणसांतल्या फरकाबद्दल बोलतो. एका माणसाचे दोन तुकडे करून हा जनुकांचा, हा घराचा, असं सांगता येत नाही. शेताचं पीक किती बियाण्याचं आणि किती पाण्याचं, हे जसं एका कणसाकडे बोट दाखवून सांगता येणार नाही, तसंच.

लहानपणी सारखी वाटायची, मोठेपणी लांब का गेली?

कारण वयाबरोबर घराची सावली आखूड होत जाते. बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत हे स्पष्ट दिसतं. सुमारे ११ हजार जुळ्या जोड्यांच्या २०१० मधल्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा ९ व्या वर्षी ४१ टक्के, १२ व्या वर्षी ५५ आणि १७ व्या वर्षी ६६ टक्के निघाला. लहानपणी आपण सगळे आई-बाबांनी आणलेलीच पुस्तकं वाचतो. पुढे जो तो आपल्या ओढीप्रमाणे पुस्तकं, मित्र, कामं निवडतो आणि ती निवडच पुन्हा माणसाला घडवते. दत्तक भावंडांतही लहानपणी या चाचण्यांत थोडा सारखेपणा असतो, तो मोठेपणी बहुतेक विरून जातो.

एकाने अभ्यास धरला म्हणून दुसऱ्याने मुद्दाम दुसरी वाट धरली, असं होतं का?

होतं, आणि ते मुद्दाम असतंच असं नाही. घरात "हुशार" ही जागा भरली असेल, तर दुसरं मूल "गमतीदार", "धाडसी" किंवा "चित्रं काढणारं" होऊन आपली जागा शोधतं. तुलना टाळायची ती एक शहाणी युक्ती असते.

पण जागा वाटायचं काम बऱ्याचदा मोठी माणसं करतात. २०१५ मध्ये ३८८ कुटुंबांवरचा एक अभ्यास आला. त्यात दोन भावंडांपैकी हुशार कोण याबद्दल आई-वडिलांचं जे मत होतं, त्यावरून पुढे कुणाचे गुण वाढतील याचा अंदाज बांधता येत होता. मुलांच्या आधीच्या गुणांवरून मात्र ते मत तयार झालेलं नव्हतं. माझ्या मुलीसमोर मी तिच्या भावाला "आमचा वाचणारा" म्हणायचे. एकदा तिने हातातलं पुस्तक कपाटात परत ठेवलं आणि सहज सांगितलं, "हे दादाचं काम आहे ना." ती तेव्हा सात वर्षांची होती. तो शब्द मी त्या दिवसापासून घरात उच्चारला नाही.

आमच्याकडून नकळत डावं-उजवं होतं का?

होतं, सगळ्यांकडून होतं आणि काही वेळा व्हायलाही हवं. चार वर्षांच्या मुलाला आणि बारा वर्षांच्या मुलीला एकच नियम लावणं हा न्याय नाही. मुलांना फरक दिसतो, पण त्यामागचं कारण पटलं तर बऱ्याचदा त्याचं त्यांना काही वाटत नाही. दुखतं ते कारण न सांगता केलेला किंवा अन्यायाचा वाटणारा फरक. म्हणून मापं समान ठेवण्याची धडपड कमी करून, तिला आज जास्त वेळ का दिला, हे दुसऱ्याला सरळ सांगावं.

पहिल्याला जे चाललं ते दुसऱ्याला का चालत नाही?

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ मध्ये न्यू यॉर्कमध्ये तान्ह्या मुलांचा दीर्घकाळ चालणारा अभ्यास सुरू केला. काही मुलं पहिल्या आठवड्यांपासून नव्या गोष्टीकडे झेपावतात, काही मागे सरतात, हे त्यांनी नोंदवलं. मुलाचा पिंड आणि घरच्यांच्या अपेक्षा जुळल्या की मूल फुलतं, असं त्यांचं म्हणणं. मी ते पोहण्याच्या तलावावर पाहिलं. माझ्या मुलाने पहिल्याच दिवशी उडी घेतली. मुलगी तीन दिवस काठावर पाय सोडून बसली, चौथ्या दिवशी पायऱ्या मोजत उतरली आणि महिन्याभरात दोघंही सारखंच पोहायला लागली. त्याला दिलेलं "चल, मार उडी" तिला दिलं असतं, तर ती तलावाजवळ फिरकली नसती.

वयात किती अंतर असलं की भावंडं जास्त जुळतात?

असं कुठलंही खात्रीचं अंतर नाही. जवळच्या वयाची भावंडं एकत्र जास्त वेळ घालवतात, आणि भांडतातही जास्त.

मग घराचं असं काही सारखं उरतं तरी का?

उरतं, पुष्कळ उरतं, पण ते स्वभावाच्या प्रश्नावलीत दिसत नाही. बोलीचा हेल, शिव्या न देण्याची किंवा देण्याची सवय, कुठल्या विनोदाला हसायचं आणि कुठल्या विषयावर गप्प बसायचं, हे घरातून येतं. धर्म आणि राजकारण याबद्दलची मतं मुलं घरी असेपर्यंत घराशी बरीच जुळतात. किती शिकायचं यावर घराचा ठसा राहतो. किशोरवयातल्या सिगारेट-दारूच्या बाबतीत थोरल्या भावंडाचं वागणं धाकट्यापर्यंत पोचतं, हे तर पालकांनी लक्षात ठेवायलाच हवं.

आम्ही तिघं वेगवेगळ्या गावांत राहतो. दादा मितभाषी, छोटी अखंड बोलणारी, मी मधेच कुठेतरी. पण घरातून निघताना तिघंही कुलूप दोनदा ओढून बघतो, मग तळहात कुलपावर क्षणभर टेकवतो आणि मग पायऱ्या उतरतो. बाबा तसं करायचे. छोटीच्या नवऱ्याने हे दाखवून दिलं, तोवर आमच्यातल्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

एकाच प्रसंगाच्या आठवणी इतक्या वेगळ्या का? खोटं कोण बोलतंय?

बहुधा कुणीच नाही. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि ज्याला जे महत्त्वाचं वाटलं, तेच त्याच्याकडे टिकतं. २००१ च्या एका अभ्यासात तर जुळी भावंडं एकाच प्रसंगाबद्दल "हे माझ्या बाबतीत घडलं" असं दोघंही मनापासून सांगताना आढळली. सायकलवरून पडून खरचटलं ते मला की छोटीला, यावर आमचा वाद आहे. माझ्या गुडघ्यावर वण आहे, आणि तिच्याही.

एका भावंडाला मानसिक आजार असेल तर दुसऱ्यालाही होतो का?

शक्यता इतरांपेक्षा वाढते, पण तो होणारच असं मुळीच नाही. हुबेहूब जुळ्यांतही एकाला गंभीर आजार आणि दुसरं निरोगी, असं अनेकदा असतं. काही वेगळं जाणवलं तर तज्ज्ञांना वेळेवर दाखवावं. "आपल्या घरात असं नसतं" म्हणत थांबू नये.

मोठेपणी भावंडांशी फारसं बोलणं उरलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

एखादं वर्ष निवडा आणि विचारा: "त्या वर्षी तुझ्यासाठी आपलं घर कसं होतं?" कोण बरोबर, ते ठरवायला बसू नका. फक्त ऐका.

मी दादाला बाबांच्या नोकरीच्या त्या वर्षाबद्दल विचारलं, तेव्हा तो पन्नाशीला आला होता. मी म्हटलं, "तू आम्हाला रोज तारे दाखवायचास, त्यामुळेच मला आकाशाचं वेड लागलं." माझ्याकडे आज दुर्बीण आहे, नक्षत्रांची नावं मी मुलांना तिथूनच शिकवली. दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आई-बाबा रात्री पैशांचं बोलायला बसायचे. तुम्हा दोघींच्या कानावर जायला नको म्हणून वर न्यायचो. नावं तर मी मनाला येतील ती सांगायचो. मला कुठे काय ओळखता यायचं?"